वामन भोईरचा नांगर

मागच्या आठवड्यात टिटवाळ्याला शेतीच्या सामानाच्या दुकानात पाइपाचा जोड घ्यायला गेलेलो. दुकानदाराने जरा निरखून बघितलं आणि विचारलं, "काका, तुम्ही वामनमामा भोईरांचे दोस्त ना?" मी हो म्हटलं. त्याने लगेच चहा सांगितला. चहा संपेपर्यंत तो वामनच्याच गोष्टी सांगत होता आणि मी मान डोलावत होतो. दोस्त हा शब्द मात्र काही केल्या घशाखाली उतरेना. वामन भोईरला मी एकोणतीस वर्षं ओळखत होतो. त्यातली बहुतेक वर्षं मी त्याचा हेवा करण्यात घालवली.

आमची ओळख माजिवड्याच्या एका कारखान्यात झाली. तिथे आता तीस-तीस मजल्यांचे टॉवर आहेत. तेव्हा तिथे लोखंडी पाइप बनायचे. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मेंटेनन्समध्ये सुपरवायझर म्हणून लागलेलो. वामन फिटर होता, सातवी शिकलेला. कल्याणच्या पुढे, मलंगगडाच्या वाटेवरच्या एका गावातून सायकल, गाडी, बस असं करत यायचा आणि तरी माझ्याआधी हजर असायचा. बुटका, रुंद खांद्यांचा. हातांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे बारीक पांढरे ठिपके. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे तांब्याची तार गुंडाळलेली. ती काडी त्याने शेवटपर्यंत बदलली नाही. दुसऱ्यांच्या मशीनचं काहीही दुरुस्त करून देणारा हा माणूस स्वतःच्या चष्म्याकडे कधी बघायचा नाही.

खिशात खडूचा तुकडा कायम. काही समजावून सांगायचं असलं की जमिनीवर, मशीनवर, समोरच्याच्या डब्याच्या झाकणावरसुद्धा रेघा ओढायचा. "होणार नाही" हे शब्द मी त्याच्या तोंडून ऐकले नाहीत. कुठलंही काम समोर आलं की म्हणायचा, "बघू, बसतंय का." आणि ते बसायचं. हाच तर माझा त्रास होता.

एकदा पाइप ओढणाऱ्या मशीनच्या गिअरबॉक्समधून आवाज यायला लागला. मी दोन दिवस ड्रॉइंग पसरून बसलेलो. तिसऱ्या दिवशी मॅनेजर स्वतः खाली आले. वामन बाजूने चाललेला, हातात मोठा स्क्रूड्रायव्हर. त्याने त्याचं टोक गिअरबॉक्सवर टेकवलं, लाकडी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून उभा राहिला. मग मला म्हणाला, "सायेब, तिसऱ्या बेरिंगमदी पानी गेलंय. उघडा, नायतर संध्याकालपर्यंत जाम व्हईल." उघडलं. तिसऱ्या बेरिंगमध्ये पाणी होतं. त्या दिवसापासून मॅनेजर माझ्या टेबलासमोरून जाताना विचारायचे, "भोईर कुठे आहे?"

दुरुस्तीचा रिपोर्ट मी लिहिला. खाली सही माझी. वामनचं नाव कुठेच नव्हतं. त्याने तो रिपोर्ट बघितलाही, कारण तो मशीनशेजारीच अडकवलेला असायचा. वाचून तो सरळ पुढच्या मशीनकडे वळला. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

कारखाना बंद व्हायच्या सुमारास मला सगळ्या जुन्या सामानाची यादी करायला सांगितली. फाटकापाशी, ताडपत्रीखाली एक छोटा ट्रॅक्टर पडलेला. परदेशी बनावटीचा, बसकासा, उंचीला माझ्या कमरेएवढा. पूर्वी ऑफिससमोरच्या हिरवळीचं गवत कापायला तो वापरायचे. मी त्याच्यापुढे लिहिलं, "दुरुस्ती अशक्य. भंगार." वामनने तेच भंगार उचललं, टेम्पोत घालून गावी नेलं आणि अकराव्या दिवशी मला फोन केला. फोन इंजिनजवळ धरला आणि मला आवाज ऐकवला.

त्याच फोनवर शेवटी तो म्हणाला, "ये एकदा बघाला. आणि आता सायेब-बियेब नाय हां. आता तू सावंत नि मी भोईर." त्याने हे प्रेमाने म्हटलं होतं. मला मात्र कुणीतरी अंगावरचा कोट काढून घेतल्यासारखं झालं.

पुढे मी दुसऱ्या कंपनीत नोकरी केली, डोंबिवलीतच रिटायर झालो. वामनकडे जाणं-येणं राहिलं ते माझ्या बायकोमुळे, सुनीतामुळे. वामनची बायको गुलाबवहिनी आणि ती, दोघींचं चांगलं जमलं. वामनच्या शेतातली वांगी, मुळा, माठ आमच्याकडे यायचा. सुनीता ती भाजी निवडताना म्हणायची, "वामनभाऊजींच्या हाताला काहीतरी आहे बाई." आमच्या घरातला मिक्सर मी तीनदा दुरुस्त केलाय. माझ्या हाताबद्दल ती कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही.

वामनच्या शेताला तिन्ही बाजूंनी इमारतींच्या कंपाउंडच्या भिंती आल्या. आत जायला उरला तो एक बोळ. पूर्वी भाड्याचा मोठा ट्रॅक्टर येऊन नांगरून जायचा, तो आता त्या बोळात शिरेना. बैल तर गावात कुणाकडेच नव्हते. दोन वर्षं शेताचा अर्धा तुकडा पडीक राहिला. बोळातून जाऊ शकेल असं एकच वाहन होतं, तो छोटा ट्रॅक्टर. पण त्याला जोडायला जो नांगर होता तो बंगल्यातल्या बागेची माती उकरण्याइतका. भाताच्या जमिनीत तो नुसता ओरखडे काढायचा.

वामनने भंगारातून मोठ्या ट्रॅक्टरचा दोन फाळांचा नांगर आणला. एक फाळ कापून काढला. उरलेला एक फाळ त्या ट्रॅक्टरच्या मानाने असा दिसत होता, जणू लहान मुलाने बापाचे बूट घातलेत. नांगराच्या पिना जाड, ट्रॅक्टरच्या दांड्यांची भोकं बारीक. दोन्हींची रुंदी जुळेना. वामनने अंगणात खडूने दोन्हींची मापं काढली आणि मला फोन केला. "सावंत, तू शिकलेला मानूस. बघ रं, बसतंय का."

मी कागद घेऊन गेलो. इंजिनाची ताकद किती, फाळ किती खोल जाणार, माती किती ओढ घेणार, सगळं मांडलं. उत्तर स्पष्ट होतं. मी जरा समाधानानेच कागद त्याच्यापुढे ठेवला. "अरे वामन, हे ओढणारच नाही. ताकद निम्मीसुद्धा नाही."

त्याने चष्मा वर सरकवून कागद नीट वाचला. "बरोबर हाय. पन यात माती कसली धरलीस?"

"तुझ्या शेतातली. दगडासारखी वाळलेली."

"मी वाळल्याव कशाला नांगरीन? वाफशाव नांगरीन." म्हणजे ओल उतरून माती भुसभुशीत होते, हाताला चिकटत नाही आणि ढेकूळही धरत नाही, ते मोजके दिवस. माझ्या कागदात तसे दिवसच नव्हते.

मग पुढचे दोन महिने मी दर रविवारी जात राहिलो. मदतीला जातोय असं घरी सांगायचो. खरं तर कुठे अडतंय ते बघायला जायचो. त्याने लोखंडी चॅनेलची एक चौकट बनवली. पुढच्या बाजूने ती ट्रॅक्टरला बसायची, मागच्या बाजूने नांगराला. नांगर उचलायला एका मोडक्या फोर्कलिफ्टचा हायड्रॉलिक सिलिंडर लावला. पहिल्या दिवशी नांगर वर उचलला तर ट्रॅक्टरची पुढची चाकंच हातभर वर गेली. वामन सीटवर तसाच तिरपा बसून खो खो हसत होता. मीही हसलो, पण माझं हसणं वेगळं होतं. पुढच्या रविवारी गेलो तर त्याने एका पॉवर प्रेसचं जुनं फ्लायव्हील, म्हणजे जडशीळ लोखंडी चाक, पुढे लटकवलेलं. चाकं जमिनीवर. नंतर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. त्याने त्यांच्या ट्यूबमध्ये पाणी भरलं. चाकं जड झाली, माती धरायला लागली. माझ्या प्रत्येक "आता अडलं"ला त्याच्याकडे पुढच्या रविवारी उत्तर तयार असायचं.

भात काढून झाल्यावर, वाफसा बघून त्याने दिवस ठरवला. गावाला कळलं होतं. बांधावर पन्नासेक माणसं, काहींनी खुर्च्या आणलेल्या. पलीकडच्या इमारतीच्या बाल्कन्यांमध्येही लोक उभे. गुलाबवहिनी नारळ घेऊन आल्या. सुनीता माझ्यासोबत होती.

नारळ फोडायच्या आधी वामन माझ्याजवळ आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, कपाळाला कुंकू. "सावंत, एकदा मागून फिरून बघ रं. तुझी नजर चांगली हाय."

मी मागे गेलो, वाकलो. नांगराच्या उभ्या दांड्याचं वरचं टोक ट्रॅक्टरशी धरून ठेवणारी एक जाड पट्टी होती, चार बोल्टांवर बसवलेली. सगळा जोर त्या चार बोल्टांवर येणार होता. बोल्टांच्या डोक्यावर मजबुतीचा आकडा असतो. या चारांवर काहीच नव्हतं. खिडकीच्या ग्रिलला लावतात तसले साधे बोल्ट. कारखान्यात नव्या पोरांना हीच गोष्ट मी फळ्यावर लिहून शिकवायचो.

मी सरळ उभा राहिलो. तेवढ्यात बांधावरून सुनीताचा आवाज आला. ती गुलाबवहिनींना हसत सांगत होती, "आमच्या ह्यांनी नुसते कागद काळे केले असते हो. हे असलं ह्यांना कुठलं जमायला!"

वामनने लांबूनच विचारलं, "काय?"

मी मान हलवली. ठीक आहे, अशी.

मला काय हवं होतं ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. त्याला इजा व्हावी असं मला वाटलं नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. मला एवढंच हवं होतं की एकदा, फक्त एकदा, पन्नास माणसांसमोर त्याचं काहीतरी बसू नये. नांगर निखळून पडावा. त्याने खाली उतरून डोकं खाजवावं. आणि मग मी पुढे होऊन सांगावं की बोल्ट चुकलाय.

ट्रॅक्टर निघाला. फाळ वीतभर आत गेला आणि मागे काळी माती उलटत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिलं तास, म्हणजे एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंतची एक रेघ, पूर्ण झालं, दुसरंही. तिसऱ्या तासाला बांधाजवळ फाळ गाडलेल्या दगडाला अडला. फटाका फुटावा तसा आवाज झाला. चारही बोल्ट तुटले, नांगराचा उभा दांडा पुढे कलंडून सीटवर आदळला. वामनने बाजूला उडी घेतली. तो पडला आणि त्याचा डावा पाय मागच्या चाकाखाली गेला. त्या पाण्याने भरलेल्या जड चाकाखाली.

मी धावलो. सगळ्यांच्या आधी मीच पोचलो, कारण मी त्या क्षणाची वाटच बघत होतो. चावी फिरवून इंजिन बंद केलं. लोकांनी ट्रॅक्टर ढकलून बाजूला केला. माती मऊ होती म्हणून पाय राहिला, पण घोट्याचा चुरा झाला होता.

कुणीतरी मोबाइलवर ते सगळं टिपलेलं. दुसऱ्या दिवसापासून जो तो मला म्हणायला लागला, "सावंतांनी चावी बंद केली म्हणून वामनचा पाय वाचला." सुनीताने तो व्हिडिओ आमच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवला. रत्नागिरीहून माझ्या मोठ्या भावाचा फोन आला, शाब्बास म्हणाला. इतकी वर्षं मला जे कौतुक हवं होतं ते असं चालत घरी आलं.

तीन आठवड्यांनी मी एकटाच वामनकडे गेलो. तो दुधीच्या मांडवाखाली खाटेवर बसलेला, पायाला प्लॅस्टर, मांडीवर परात. परातीत ढीगभर नट-बोल्ट ओतून तो ते निवडत होता. गुलाबवहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "वामन, ते बोल्ट मी बघितले होते. त्या दिवशी. नारळ फोडायच्या आधी."

तो निवडतच राहिला. "मना ठावूक हाय."

"कसं?"

"तू काय बोल्ला नाय म्हनून." त्याने एक बोल्ट उजेडात धरून बघितला, बाजूला टाकला. "इतक्या वर्सांत माझ्या कामात तू खोट काढली नाय असा एक दिस दाखव. त्या दिशी नुसती मान हलवलीस. मी मनात बोल्लो, सावंतला कायतरी गावलंय. उतरून बघाला पायजे व्हतं. आदल्या दिशी पट्टी जाड केली, चांगले बोल्ट तोकडे पडले, घरात होते ते लावले. बदलीन बोल्लो नि रायलं. पन येवढी मानसं बसलेली. मना पन फुशारकी मारायची व्हती."

"तरी मी सांगायला हवं होतं."

वामनने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. चष्म्याच्या काचांमागे त्याचे डोळे अगदी शांत होते. "व्हय," तो म्हणाला. "सांगाला पायजे व्हतं."

असू दे म्हणाला नाही. जाऊ दे म्हणाला नाही. परात माझ्याकडे सरकवली. "बस खाली. तुझी नजर चांगली हाय. आकडेवाले बोल्ट निवडून काढ."

मी खाली बसलो. आम्ही दोघं दुपारभर बोल्ट निवडत बसलो. घरी परतताना मला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. माझा पाय मोडला असता आणि मोडणारा असा समोर येऊन उभा राहिला असता, तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. वामनने मला कामाला बसवलं. त्याच्या हाताचा हेवा मी आयुष्यभर केला. त्या दिवशी त्याच्या मनाचा केला, आणि हा हेवा जास्त जड होता.

त्याचा पाय बरा झाला पण सरळ झाला नाही. डावं पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं राहिलं. चालताना तो त्या बाजूला झुकायचा. प्लॅस्टर निघाल्यावर आम्ही ती पट्टी पुन्हा बनवली, पहिल्यांदाच एकत्र. मी कागदावर मांडलं, त्याने खडूने लोखंडावर काढलं. बोल्ट चाराचे सहा केले. नंतर त्याला ढेकळं फोडणारा मोठा रोटाव्हेटर जोडायची हौस आली. त्याचा शाफ्ट उलटा फिरत होता, तो सुलटा करायला मधे एक गिअर टाकावा लागला. तो गिअर मी सुचवला. वामनने गावात सगळीकडे सांगितलं की डोकं सावंतचं. कुणी ट्रॅक्टर बघायला आलं की तो त्या जागेवर बोट ठेवून माझं नाव घ्यायचा. माझ्या रिपोर्टावर त्याचं नाव नव्हतं हे त्याला आठवत होतं की नाही, कोण जाणे. मला आठवत होतं.

टिटवाळ्याच्या पुढे सुनीताने आणि मी अर्धा एकर जमीन घेतली आहे. यंदा वैशाखात तिथे हळद लावायचं ठरलं. आदल्या आठवड्यात वळवाची एक मोठी सर येऊन गेलेली. सुनीताने मला न विचारताच वामनला फोन केला. तो टेम्पोत ट्रॅक्टर घालून सकाळी हजर. माती मुठीत दाबून बघितली, बोटांतून सोडली आणि नांगर लावला. अर्ध्या जमिनीला सरळ तासं पाडून झाल्यावर तो खाली उतरला.

"आता तू बस."

"मी? अरे, मला नाही येत."

"बस रं. तुझी जमीन हाय."

बांधावर सुनीता उभी होती. मी बसलो. पहिलं तास गेलं ते सापासारखं वाकडं. दुसरंही तसंच. मी सारखा मान वळवून कधी फाळाकडे, कधी चाकाकडे बघत होतो. वामनने हात करून थांबवलं.

"चाकाकडं नको बघू, वाकडं जाशील. लांब कायतरी धर, त्याच्याव नजर ठेव."

समोर मोकळं रान, धरण्यासारखं काहीच नव्हतं. झाड नाही, खांब नाही. वामनने इकडे तिकडे बघितलं आणि चालायला लागला. उलटलेल्या ढेकळांतून, डावीकडे झुकत, मधे एकदा अडखळत, तो सगळं शेत ओलांडून पलीकडच्या बांधावर गेला. तिथे वळून उभा राहिला.

पुढे श्रावणात, सकाळी चहा पिता पिता, बसल्या जागी त्याचं हृदय बंद पडलं. गुलाबवहिनींचा फोन आला तेव्हा मला त्याचा चेहरा आठवेना, आठवला तो फक्त तो बांध. नंतर मी त्याला बघितलं ते पांढऱ्या कापडाखाली, ते बघणं मी धरत नाही.

नांगरणीच्या त्या दिवशी ऊन वर आलेलं. एवढ्या लांबून त्याचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होता तो फक्त पांढरा शर्ट, आणि डोक्यावर सरळ वर धरलेला एक हात. मी गिअर टाकला. फाळ मातीत गेला. मी त्या हाताकडे बघत ट्रॅक्टर चालवत राहिलो आणि तो माझी वाट बघत, तसाच हात वर धरून, जागचा न हलता उभा होता.